पाना ‘टक’ म्हणतो, तरी शंभर तासांनी नट सैलच: टॉर्क रेंच निवडताना चुकतं कुठे

तक्रार एका ओळीची आहे. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक ब्रॅकेट, त्यावर पाव इंची पाच बोल्ट, आणि दर शंभर तासांच्या तपासणीला काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उतरवलं की त्यातल्या दोन-तीन नटांवरची लाल रेघ तडकलेली. टॉर्क, म्हणजे नट आवळायचा ठरलेला पिळाचा जोर, लावून झाल्यावर नटावरून बोल्टवर आणि खालच्या पत्र्यावर टॉर्क सीलची जी रेघ ओढतात, ती ही. नट केसभर जरी फिरला तरी तिला चीर जाते. आम्ही नट पुन्हा टॉर्कला लावायचो, जुनी रेघ खरवडून नवी ओढायचो, सही करायचो. पुढच्या शंभर तासांना परत तेच.

आमच्याकडची विमानं शिकाऊ वैमानिकांची. एक इंजिन, चार खुर्च्या, आणि दिवसभर उतर-चढ. त्यामुळे पहिला आळ थरथरीवर गेला. पंख्याचं (प्रोपेलरचं) बॅलन्सिंग करून घेतलं. मग बोल्ट बदलले. मग कोणीतरी म्हणालं, पानाच बिघडला असेल. तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवला. आठवड्याने परत आला तो हिरवा स्टिकर आणि प्रमाणपत्र घेऊन, अगदी ठणठणीत. आणि नट पुन्हा सैल.

हा प्रकार ओळखीचा वाटत असेल तर पुढचं वाचा. आमचा पाना खराब नव्हता. तो त्या कामाचा नव्हता, आणि हे कळायला आम्हाला चार तपासण्या लागल्या.

आधी बघत बसा

एका दुपारी मी आमच्या तंत्रज्ञ पोराशेजारी स्टूल टाकून बसलो आणि एक शब्द न बोलता बघत राहिलो. कामाच्या कार्डावर आकडा होता ६० इंच-पाउंड (टॉर्क मोजायचं एकक). बाराने भागून त्याने ५ फूट-पाउंड केले. गणित बरोबर. मग टूल स्टोअरमधून आणलेला अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचा) मोठा टॉर्क रेंच उचलला, १० ते १०० फूट-पाउंडचा. त्याला एक अॅडॅप्टर, त्याला दुसरा अॅडॅप्टर, त्याच्या टोकाला ७/१६ चा इवलासा सॉकेट. मूठ फिरवत १० च्या खुणेपर्यंत आणली. पट्टी तिथे संपते. त्याने मूठ आणखी खाली फिरवली, अंदाजाने.

“अरे, पट्टी तर दहालाच संपली.”

“सर, मूठ फिरते की अजून खाली. आणि टक पण येतो.”

आला खरा टक. हलकासा, दूरवर कोणी बोट मोडल्यासारखा.

मूठ फिरते म्हणून पाना मोजतो असं होत नाही. क्लिक जातीच्या पान्यात आत एक स्प्रिंग असते. मूठ फिरवून आपण ती दाबतो, आणि ठरलेल्या जोराला आतली खिटी घसरते तोच टक. पट्टीच्या खाली गेलं की स्प्रिंगवर धड दाबच उरत नाही. खिटी तरीही घसरते, कारण तिला घसरण्यापलीकडे काही येत नाही. पण ती ४ फूट-पाउंडला घसरली की ७ ला, हे सांगणारं कोणी नसतं.

मग मी फाइल काढली. प्रमाणपत्रावर तीन ओळी होत्या: २० फूट-पाउंड, ६०, १००. अशी प्रमाणपत्रं दोन वर्षं माझ्या कपाटात जमत होती आणि त्यांतली तारीख सोडून मी कधी काही वाचलं नव्हतं. प्रयोगशाळेने काहीच चूक केलेली नव्हती. हाताने वापरायच्या टॉर्क पान्यांचं मानक आयएसओ ६७८९ आहे. त्यानुसार मूठ फिरवून आकडा लावायचा पाना साधारणपणे त्याच्या कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात. म्हणजे १०० चा पाना २० पासून पुढे खरा बोलतो असा दाखला मिळतो. २० च्या खाली तो काय बोलतो याबद्दल दाखला गप्प असतो. ५ ला तर आम्ही पट्टीच्याही बाहेर होतो.

तेव्हा पहिली पायरी हीच. स्टिकरवरची तारीख बघून झाली की प्रमाणपत्र उलगडा, सगळ्यात खालचा तपासलेला आकडा बघा, आणि तुमच्या कामाचा आकडा त्याच्या वर आहे का ते पाहा. नसेल तर पाना कितीही नवा असो, कितीही महाग असो, त्या कामाला तो नाही.

मग कोणता पाना?

आमच्या जातीच्या विमानांवर रोज लागणारे आकडे समोर ठेवून मी हिशेब मांडला. वेगळा आकडा दिलेला नसेल तिथे वापरायचा सर्वसाधारण तक्ता अमेरिकन एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत, सातव्या प्रकरणात आहे. त्यात ताण घेणाऱ्या नटांसाठी १०-३२ आट्याला (आधी बोल्टचा आकार, मग एका इंचातले आटे) २० ते २५ इंच-पाउंड, १/४-२८ ला ५० ते ७०, ५/१६-२४ ला १०० ते १४०, ३/८-२४ ला १६० ते १९० असे आकडे आहेत. पातळ, कातर (बोल्टला आडवा कापू पाहणारा जोर) घेणाऱ्या नटांना याहून कमी: १०-३२ ला १२ ते १५, पाव इंचीला ३० ते ४०. इंजिनाकडे आलं की उड्या मोठ्या. लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल या इंजिन बनवणाऱ्या कंपन्या; लायकमिंगचे स्पार्क प्लग ४२० इंच-पाउंडला, कॉन्टिनेंटलचे ३०० ते ३६० ला. लायकमिंगच्या सिलिंडरच्या बुडाचे अर्धा इंची नट ६०० ला, ३/८ चे ३०० ला. (हे आकडे हिशेबासाठी. नट आवळताना तुमच्या इंजिनाचा चालू कागद उघडायचा, माझा लेख नाही.)

आता १२ पासून ६०० पर्यंतची ही पट्टी एका पान्यात मावत नाही, हे तर दिसतंच. वरच्या आकड्याच्या २० टक्क्यांच्या खालचा भाग सोडून द्यायचा, या नियमाने बसलो तर ३०-२०० इंच-पाउंडचा पाव इंची ड्राइव्हचा पाना ४० पासून २०० पर्यंत चालतो, म्हणजे पाव इंचीपासून ३/८ पर्यंतचे बहुतेक नट त्यात आले. १५०-१००० इंच-पाउंडचा दुसरा २०० पासून वर, त्यात प्लग आणि सिलिंडर. आणि १०-३२ च्या बारक्या कामाला टॉर्क स्क्रूड्रायव्हर किंवा तसाच छोटा पाना. तीन हत्यारं. आमच्याकडे होतं एकच, आणि ते या तिघांपैकी कोणतंच नव्हतं. १०-१०० फूट-पाउंडचा पाना म्हणजे १२० ते १२०० इंच-पाउंड. खालचा पाचवा भाग सोडला तर २४० पासून पुढे. प्लगला चालला असता. ब्रॅकेटला नाही.

खरेदी करताना आणखी एक मेख सांभाळा. कॅटलॉगमध्ये ‘अचूकता ±४ टक्के’ लिहिलेलं असतं, पण कशाचे टक्के? लावलेल्या आकड्याचे की पूर्ण पट्टीचे? ६०० इंच-पाउंडचा पाना पूर्ण पट्टीच्या २ टक्क्यांनी अचूक असेल तर चूक होऊ शकते १२ इंच-पाउंडची, पट्टीवर कुठेही. ३०० वर ती ४ टक्के पडते. ६० वर पडते २० टक्के. कागदावर ‘२ टक्केवाला’ पाना ‘४ टक्केवाल्या’पेक्षा भारी दिसतो आणि आपण फसतो. विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारला तर समोरचा माणूस पाने विकतो की पुठ्ठ्याचे डबे, तेही कळतं.

शिवाय तुमच्या कामाची फट किती रुंद आहे ते बघा. ५० ते ७० म्हणजे मधल्या ६० च्या दोन्ही बाजूंना जवळपास १७ टक्के जागा. त्यात ४ टक्क्यांचा पाना आरामात बसतो. पण २० ते २५ म्हणजे मधल्या साडेबावीसच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ११ टक्के. आयएसओ ६७८९ मध्ये १० न्यूटन-मीटरपर्यंतच्या छोट्या क्लिक पान्यांना ±६ टक्क्यांची मुभा आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त फट पान्यानेच खाल्ली, हाताच्या सवयीला उरली बाकीची. बारक्या बोल्टला चांगला पाना जास्त लागतो, मोठ्याला कमी. आपण नेमकं उलटं करतो आणि पैसे मोठ्या पान्यावर घालवतो.

योग्य पाना आला, तरी दोन नट सैल

३०-२०० चा पाना आला. ब्रॅकेटचे पाचही नट ६० ला लावले, रेघा ओढल्या. शंभर तासांनी तीन रेघा शाबूत, दोन तुटलेल्या. आधीपेक्षा बरं, पण दोन तुटल्याच होत्या आणि आता पान्यावर आळ घ्यायची सोय उरली नव्हती.

दोष कुठे होता ते आमच्याकडच्या जुन्या काकांनी सांगितलं. निवृत्त झालेत, पण अधूनमधून चहाला येतात. त्यांनी त्यातला एक नट काढून हातात घेतला, बोल्टवर बोटाने फिरवला. नट कुलूप-नट होता, सगळा धातूचा, म्हणजे बोटाने फिरायलाच नको. तो गरगर फिरला.

“हा नट कितव्यांदा वापरताय?”

कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी डब्यातला नवा नट घेतला, दुसऱ्या बोल्टवर चढवला आणि माझ्या हातात पाना दिला. “आता ह्याला नुसतं फिरवून बघा, तळाला टेकवू नका.” चांगला जोर लागला.

गोष्ट अशी की कुलूप-नट मुळातच घट्ट फिरतो, म्हणून तो कुलूप-नट. वॉशरला टेकायच्या आधीच त्याला फिरवायला जो जोर लागतो तो ड्रॅग टॉर्क. पान्याला हा जोर आणि बोल्ट ताणणारा जोर यातला फरक कळत नाही. तो बेरीज मोजतो. नव्या नटाचा ड्रॅग समजा १५ इंच-पाउंड निघाला आणि तुम्ही पाना ६० ला लावला, तर बोल्टच्या वाट्याला ४५ येतात. तक्त्यात किमान ५० मागितलेत. म्हणजे पाना अचूक, हात अचूक, टक अचूक आणि बोल्ट सैल. एसी ४३.१३ मध्ये सांगितलेलं इतकंच: नट वॉशरला टेकायला आला की ड्रॅग मोजा आणि तो हव्या असलेल्या टॉर्कमध्ये मिळवा. आपल्या उदाहरणात ६० अधिक १५, पाना ७५ ला. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये ड्रॅग धरूनच आकडा दिलेला असेल तर अर्थात पुन्हा मिळवायचा नाही. हे त्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या पानावर लिहिलेलं असतं, जे पान कोणी उघडत नाही.

आणि बोटाने फिरणारा नट? त्याच कागदात किमान ड्रॅगचा तक्ता आहे. पुन्हा वापरायच्या कुलूप-नटाला १०-३२ ला निदान २ इंच-पाउंड, १/४-२८ ला साडेतीन, ५/१६-२४ ला साडेसहा, ३/८-२४ ला साडेनऊ. याहून कमी भरला तर टाकून द्यायचा. आमचा तो गरगरीत नट पहिल्या दिवशी ६० चा टॉर्क दिमाखात घेत होता आणि धरून काहीच ठेवत नव्हता. आमच्या दोन तुटलेल्या रेघांपैकी एक जुन्या ढिल्या नटाची होती, दुसरी नव्या घट्ट नटाची. एकाच ब्रॅकेटवर दोन उलट रोग, आणि दोघांना आम्ही एकच औषध देत होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा ड्रॅग क्लिक पान्याने मोजता येत नाही. क्लिक पाना फक्त ‘तिथवर पोचलो’ सांगतो. ‘आत्ता किती आहे’ हे सांगत नाही. वाचून दाखवणारं हत्यार वेगळं: काटेवाला पट्टीचा पाना, घड्याळी डायलचा पाना, किंवा डिजिटल. म्हणून माझी खरेदीची यादी तीनाची चार झाली. ०-७५ इंच-पाउंडचा डायलचा पाना घेतला. (साडेतीनावर तोही त्याच्या पट्टीच्या तळाशीच असतो, हे मला मान्य आहे. पण तिथे प्रश्न ‘नट धरतो की नाही’ एवढाच असतो. १५ च्या आसपास तो नीट वाचतो, आणि मिळवायची संख्या तीच.) तुमच्या हँगरमध्ये सगळे पाने क्लिक जातीचे असतील, तर तुमच्याकडे ड्रॅग कधीच कोणी मोजलेला नाही, हे न विचारता सांगता येतं.

टक म्हणजे नेमकं काय

टकावर आपला विश्वास फार. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात बीएसी वन-इलेव्हन जातीच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर खेचले गेले. त्यांचे पाय सहकाऱ्यांनी धरून ठेवले, ते वाचले. उड्डाणाच्या २७ तास आधी बर्मिंगहॅमला ती काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने बारीक होते. हे सगळ्यांना पाठ असतं. जे पाठ नसतं ते असं की बोल्ट टॉर्क स्क्रूड्रायव्हरनेच आवळले होते. बारीक बोल्टचे आटे नटात घसरतानाचा झटका आणि हत्याराचा झटका हाताला सारखेच लागले. माणसाने टक ऐकला आणि पुढच्या बोल्टकडे गेला.

म्हणून आमच्याकडे पोरांना मी सांगतो, टक यायच्या आधी नट किती फिरला ते बघ. वॉशरला टेकल्यावर पाव इंची नट थोडासाच फिरून टक द्यायला हवा. फिरतोय, फिरतोय आणि मग टक, तर थांब, काहीतरी घसरतंय. टेकताक्षणीच टक, तर आटे अडकलेत, बोल्ट लांब पडून नट कोऱ्या दांड्यावर चढलाय, नाहीतर पाना चुकीच्या आकड्याला आहे. दोनदा टक घेणाऱ्यांचं काय करावं मला कळत नाही. ‘खात्री करून घेतो सर’ म्हणतात. दुसऱ्या टकाने खात्री होत नाही, नट आणखी थोडा पिळला जातो.

झटका मारून टक घेऊ नका. शेवटचा घेर सावकाश, एका दमात. मध्येच हात थांबला तर नट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि पाना त्या अडलेल्या जोरालाच टक म्हणतो. अशा वेळी नट थोडा मागे घेऊन परत आवळा. शक्य असेल तिथे नट फिरवा, बोल्टचं डोकं धरून ठेवा. डोकं फिरवावं लागलं तर बोल्टचा दांडा भोकात घासतो, त्याचाही जोर पान्यात मोजला जातो.

क्रोफूट लावला की आकडा बदलतो

सिलिंडरच्या बुडाशी सरळ सॉकेट पोचत नाही. तिथे क्रोफूट (पान्याच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा जोड) किंवा वाकडा पाना लावतात, आणि तो पान्याच्या रेषेत पुढे लावला की पान्याचा हात लांब होतो. पान्यावर लावायचा आकडा = हवा असलेला टॉर्क × पान्याची लांबी ÷ (पान्याची लांबी + जोडाची लांबी). पान्याची लांबी म्हणजे ड्राइव्हच्या चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, जिथे हात पडतो. टोकापर्यंत नव्हे.

समजा लांबी १५ इंच, जोड ३ इंच, हवेत ६०० इंच-पाउंड. लावायचे ५००. विसरून ६०० लावले तर नटाला मिळाले ७२०. सिलिंडरच्या स्टडला हे परवडत नाही. जोड पान्याला काटकोनात लावला तर हिशेबाची गरज नाही, आकडा आहे तोच. आम्ही जमेल तिथे काटकोनातच लावतो, कारण रात्री नऊ वाजता कोणाच्याही डोक्याने भागाकार करू नये. वर उभं एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही, ही शंका दरवर्षी नवीन मुलं विचारतातच.

आकडे बोलण्याचा घोळ

फूट-पाउंड आणि इंच-पाउंडमध्ये बारा पटींचा फरक. “किती लावू?” “पंचवीस.” एवढ्या संवादात १०-३२ चा बोल्ट तुटतो, कारण २५ इंच-पाउंडचा बोल्ट २५ फूट-पाउंडला उभा राहत नाही. न्यूटन-मीटरमधला पाना आला की १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड. आणि ओझरला (एचएएलच्या विमान कारखान्यात) मिग, सुखोईच्या कागदांवर हात बसलेला माणूस कामाला आला तर त्याच्या बोलण्यात किलोग्राम-मीटर असतं. १ किलोग्राम-मीटर म्हणजे ८६.८ इंच-पाउंड. आमचा उपाय साधा: कार्डावर आकडा ज्या एककात आहे त्याच एककाची पट्टी असलेला पाना वापरायचा. रूपांतर करून पाना लावायला बंदी. पोराने साठाचे पाच केले होते ते बरोबर होतं, पण त्या भागाकारामुळेच त्याला मोठा पाना चालेल असं वाटलं. ‘साठ’ वाचून तो पाव इंची पान्याकडे वळला असता.

कोरडा की तेलाचा

एसी ४३.१३ मधला तक्ता तेल नसलेल्या, कॅडमियम चढवलेल्या आट्यांसाठी आहे. त्याच आकड्याला तेलकट बोल्ट आवळला तर घर्षण कमी पडतं आणि तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. कोरड्या आट्याचा नट फॅक्टर (टॉर्क आणि ताण यांचं नातं सांगणारा आकडा) ढोबळ ०.२ धरतात, तेलाच्या आट्याचा ०.१५, म्हणजे ताण जवळपास एक तृतीयांशाने वाढला. उलट सिलिंडरच्या बुडाच्या नटांना लायकमिंग मुद्दाम वंगण मागतं: ९० टक्के एसएई ५० इंजिन ऑइल आणि १० टक्के एसटीपी (तेलात मिसळायचं द्रव्य), किंवा ६० टक्के एसएई ३० आणि ४० टक्के पार्कर थ्रेड ल्यूब. तिथे कोरडा नट ६०० चा टक देऊनही सैल राहतो. पावसाळ्यात गंज नको म्हणून सगळ्याच बोल्टांना थोडं ग्रीस चोपडणारे हात मी पाहिले आहेत. भावना चांगली.

वॉशरखाली रंगाचा जाड थर असेल तर तोही दबतो आणि ताण उतरतो. आमच्या ब्रॅकेटवर तो होता. खरवडला.

संशय आला तर दोन मिनिटांची चाचणी

पाना पडला, कोणीतरी त्याने जाम नट सोडवला, किंवा नुसताच मनात किंतु आला, तर एक घरगुती तपासणी आहे. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरा, पाना आडवा ठेवा. मुठीच्या मध्यावर दोरीने वाण्याकडचं ५ किलोचं वजन टांगा. तिथवरचं अंतर २० सेंटिमीटर भरलं तर १०० किलोग्राम-सेंटिमीटर झाले, म्हणजे ८६.८ इंच-पाउंड. पाना ८० ला लावला असेल तर वजन सोडताच टक यावा, १०० ला लावला असेल तर येऊ नये. पान्याचं स्वतःचं वजनही त्यात मिळतं हे लक्षात ठेवा. अर्धा किलोच्या पान्याचं भारकेंद्र १० सेंटिमीटरवर असेल तर आणखी ५ किलोग्राम-सेंटिमीटर. ही तपासणी रजिस्टरमध्ये लिहायची नाही, कॅलिब्रेशन म्हणून दाखवायची तर मुळीच नाही. पण यात नापास झालेला पाना त्याच क्षणी बाजूला ठेवायचा. डीजीसीएच्या (आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) सीएआर-१४५ या नियमावलीतला १४५.ए.४० हा भाग हत्यारं मान्य मानकाला कॅलिब्रेट केलेली असावीत असं सांगतो, आणि आयएसओ ६७८९ मध्ये वेगळं ठरवलेलं नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा आवळणं, जे आधी होईल ते, असा काळ दिला आहे. एवढ्या काळात पाना मध्येच कधी पडला हे स्टिकर सांगत नाही.

काम झालं की मूठ पट्टीच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्याखाली नाही. पाना डब्यात ठेवा, बाकीच्या पान्यांच्या ढिगात नाही. डावे आटे असतील तर पाना उलट्या दिशेला तपासलेला आहे का ते प्रमाणपत्रावर बघा; बरेचसे एकाच दिशेला तपासलेले असतात.

मोठ्या टर्बाइन इंजिनांच्या नटांना मल्टिप्लायर आणि हायड्रॉलिक हत्यारं लागतात. त्यांचा हिशेब वेगळा आणि तो त्या इंजिनावर काम करणाऱ्याने लिहावा.

आधीच्या कामांचं काय?

हा भाग सगळ्यात नकोसा. पाना चुकीचा होता हे कळल्यावर पाच नट नीट लावून भागत नाही, कारण त्याच पान्याने दोन वर्षांत आणखी काय काय लावलं होतं? टूल स्टोअरचं रजिस्टर काढलं. पाना कोणी नेला, कधी नेला, कधी परत केला, सगळं होतं. कोणत्या कामाला नेला ते नव्हतं. मग तारखा घेऊन वर्क ऑर्डरच्या फायली चाळत बसलो, दोघं जण, तीन संध्याकाळी. ज्या कामाचा आकडा २४० इंच-पाउंडच्या खाली आणि त्या दिवशी बाहेर असलेला टॉर्क पाना हा एकच, ते प्रत्येक काम पुन्हा उघडायचं ठरलं. नट पूर्ण सैल करून, कुलूप-नटाचा ड्रॅग मोजून, नव्याने लावायचे. नुसता योग्य पाना ठेवून टक बघणं पुरत नाही. आधीच जास्त आवळलेल्या नटावरही टक लगेच येतो आणि सगळं छान आहे असं वाटतं.

जास्त आवळलेलेही निघाले. पट्टीखाली फिरवलेली मूठ प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने फिरवली होती.

ब्रॅकेटचे पाच नट त्यानंतरच्या दोन्ही तपासण्यांना जागचे हललेले नाहीत. रजिस्टरला आता दोन रकाने जास्त आहेत, ‘किती आकड्यावर’ आणि ‘ड्रॅग किती’. दुसरा रकाना पहिला महिनाभर रिकामाच यायचा. मग मी डायलचा पाना कपाटातून काढून क्लिक पान्याच्याच डब्यात ठेवला.